ॲक्सेसिबिलिटीला मराठीत काय म्हणावं? सुलभ, सुगम का सुगम्य?

मांजराकाठ:
मंडळी, एक शब्द पाहिजे अन् तो सोमवारच्या आत पाहिजे. मी लातुरात बसून वेबसाईटी तपासायचं काम करतो, म्हणजे अंध माणसाला, हात नीट चालत नाहीत त्याला, ऐकू कमी येतं त्याला ती साईट वापरता येते का बघायचं अन् कुठं अडतं ते डेव्हलपरला लिहून द्यायचं. ह्याला आम्ही दिवसभर ॲक्सेसिबिलिटीच म्हणतो, अडत नाही काही. पण आता एका पतसंस्थेची साईट मराठीत करायलोत अन् फूटरमधे, म्हणजे साईटीच्या अगदी तळाला, एक पान असतं, काय काय केलंय, काय राहिलंय, अडलं तर फोन कुणाला करायचा असं. त्याचं नाव काय ठेवू? मॅनेजर म्हणायलेत 'सुलभता', सरकारी साईटींवर 'सुगम्यता' दिसतं, अन् मसुदा करणाऱ्यानं 'प्रवेशयोग्यता निवेदन' लिहून पाठवलंय.

गोदाकाठची:
प्रवेशयोग्यता वाचून मला वाटलं अकरावीची मेरिट लिस्ट लागली. ते आधी खोडा.

सुलभ चांगलाय की, सगळ्यांना कळतो. फक्त बसस्टँडवर ह्या शब्दाची पाटी कशावर असते ते आठवून बघा, मग फूटरमधे टाका.

परभणीकर मास्तर:
मी स्वतः स्क्रीन रीडर वापरतो, एनव्हीडीए, फुकट मिळतो, कंप्युटरवर काय लिहिलंय ते बोलून दाखवतो. म्हणून 'सुलभ'ला माझा विरोध आहे अन् तो शौचालयामुळं नाही. सुलभ म्हणजे सहज मिळणारं, सोपं. सोपं म्हणलं की समोरच्याला वाटतं आधी चालूच होतं, आता मास्तरसाठी जरा सोपं करून दिलं. तसं नसतं ना. फॉर्म भरायलोय, शेवटाला कॅप्चा आला, चित्रातली अक्षरं ओळखा, ऐकायची सोय नाही, तर मला ते अवघड गेलं असं नाही, ते झालंच नाही. तिथून पुढं पोराला हाक मारायची अन् आपला पासबुकाचा नंबर त्याला वाचून दाखवायला लावायचा.

३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तो ह्याच्यावरच होता, ई-केवायसीत कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा म्हणतात, ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्या बाईनं काय मिचकवावं? कोर्टानं डिजिटल सेवा मिळणं हे कलम २१ च्या जगण्याच्या हक्कात धरलं. हक्काच्या गोष्टीला 'सुलभ' म्हणलं की ती सवलत वाटायला लागते.

मांजराकाठ:
मास्तर, अगदी हेच मॅनेजरकडं झालं. त्यांच्या डोक्यात सुलभता म्हणजे वर कोपऱ्यात अक्षरं लहानमोठी करायची अ+ अ- ची बटणं. ती लावली की झालं. अन् त्याच पानावर पांढऱ्यावर फिकी करडी अक्षरं, कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर अन् मागचा रंग ह्यांच्या उजेडातला फरक, किमान ४.५ ला १ लागतो तो कुठल्याकुठं.

बियाणेवाला जालना:
सुगम घ्या की मग. दुर्गम रोज म्हणतो आपण, दुर्गम भाग, जिथं एसटी जात नाही तो. त्याच्या उलट सुगम. शब्द तयारच आहे.

गोदाकाठची:
सुगम म्हणलं की मला आकाशवाणीचं सुगम संगीत ऐकू येतं, पण मुद्दा पटला. दुर्गममधे दोष गावाचा नसतो, रस्ता केला नाही त्याचा असतो.

'सुगम्य'चं मात्र वेगळंय बरं का. मराठीत 'गम्य' शब्द आपण वापरतो कुठं? "मला त्यातलं काही गम्य नाही." म्हणजे कळत नाही. मग आपल्या कानाला सुगम्य म्हणजे सहज कळणारं असं लागतं. संस्कृतात जाण्याजोगं असेल, मराठीत गम्यचा अर्थ समजण्याकडं सरकलाय. हिंदीतनं आलाय हा, २०१५ साली सुगम्य भारत अभियान सुरू झालं तेव्हापासून सरकारी मराठीतही पक्का बसला.

मांजराकाठ:
ताई, हे भारी सांगितलं, कारण आमच्या कामात हा फरक खरंच आहे. वेबसाठीचे जे नियम आहेत, डब्ल्यूसीएजी म्हणतात, पहिले १९९९ ला आले, आत्ताचे २.२ हे २०२३ चे, त्यात चार गोष्टी बघतात. एक, आशय डोळ्यानं, कानानं, कशानं तरी पोचला पाहिजे. दोन, नुसत्या कीबोर्डनं पण चालवता आलं पाहिजे. तीन, समजलं पाहिजे. चार, कुठल्याही ब्राउझर-स्क्रीन रीडरसंगं टिकलं पाहिजे. तुम्ही म्हणता तो सुगम्य फक्त तिसऱ्याला लागू होतो. चारी एका शब्दात धरायचे तर 'वापरता येणं' हेच म्हणावं लागतं, पण पानाला नाव काय देता, 'वापरता-येणं निवेदन'?

धाराशिवहून:
जर्मन लोक अडथळामुक्त म्हणतात, बारिएरेफ्राय. आपल्याकडं इमारतीच्या रॅम्प-बिंपबद्दल अडथळामुक्त वापरतातच. तेच घ्या, दोष कुणाचा ते लगेच कळतं.

(दिव्यांग का अपंग ह्यावर इथं कुणी सुरू करू नका, त्याचा वेगळा धागा काढा, आधीच दोनशे कमेंट होत्यात त्यात.)

परभणीकर मास्तर:
अडथळामुक्त मला आवडला, पण छातीठोक आहे. एक जरी अडथळा राहिला तर खोटं पडतं, अन् राहतोच. परवाचंच सांगतो, एक परिपत्रक उघडलं, डोळसांना मराठी दिसतंय, सगळं व्यवस्थित. पण टायपिंग जुन्या फाँटात, युनिकोड नाही, वरून मराठी अन् आतून इंग्रजी अक्षरं. स्क्रीन रीडर वाचायला लागला तर वेड्यावाकड्या एबीसीडीचा पाऊस. दुसऱ्या एका साईटीवर युनिकोड होतं पण पानाची भाषा इंग्रजी लावलेली, मग इंग्रजी आवाज देवनागरी वाचायला जातो अन् तोंडातल्या तोंडात काहीतरी करतो. अन् लिंकांची यादी काढली तर 'येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा'. कुठं करू? कामून करू?

गोदाकाठची:
मास्तर, शेवटचं वाक्य डेव्हलपरांच्या भिंतीवर लावायला पाहिजे.

बियाणेवाला जालना:
कायद्यात काय शब्द आहे ते बघा अन् तोच टाका, भांडण नको. २०१६ चा दिव्यांग हक्काचा कायदा आहे ना.

मांजराकाठ:
कायदा मूळ इंग्रजीत, मराठी अनुवादांचा काही एकमेळ दिसत नाही भाऊ. पण तुमचं एक बरोबर आहे, शोधणारा माणूस सरकारी साईटींवर जो शब्द ऐकून सवयीचा झालाय तोच लिंकांत शोधणार. मास्तर, तुम्ही काय शोधता?

परभणीकर मास्तर:
'सुगम्यता'च. आवडत नसला तरी कान त्याच्यावर बसलाय. नाहीतर सरळ 'ॲक्सेसिबिलिटी', देवनागरीत.

मांजराकाठ:
मग ठरलं, लिंकला 'सुगम्यता (ॲक्सेसिबिलिटी)', अन् आत पहिल्या ओळीत साध्या भाषेत, "ही वेबसाईट माऊसशिवाय, स्क्रीन रीडरनं, अक्षरं मोठी करून वापरता येते. कर्ज-अर्जातली फाईल जोडायची जागा अजून कीबोर्डनं चालत नाही, तिथं अडलं तर शाखेत फोन करा." सुलभता शब्द कुठंच नाही. मॅनेजरला मी समजावतो, अ+ अ- ठेवू द्या त्यांचं, काढून भांडण कशाला.

परभणीकर मास्तर:
फाईल जोडायचं नीट कधी होणार ती तारीख पण लिहा. अन् हे पान स्कॅन करून पीडीएफ टाकायला लावू नका म्हणाव, सही-शिक्क्याच्या नादात तसं करतात.

मांजराकाठ:
शिक्का मागितला होताच त्यांनी. नाही म्हणलं.