नांगरटीच्या शेतात पीतमुखी टिटवीची अंडी: मदत हवी आहे

शिरूर तालुक्यातील आमच्या कोरडवाहू शेतात, मेच्या मध्यावर, पीतमुखी टिटवीने उघड्या जमिनीवर चार अंडी घातलेली दिसली. काळी टोपी, चोचीच्या मुळाशी लोंबणारी पिवळी कातडी आणि पिवळे पाय दुर्बिणीतून स्पष्ट दिसल्यामुळे ती रक्तमुखी टिटवी नाही, याची खात्री आहे. मातकट अंड्यांवर काळपट ठिपके असल्याने दोन पावलांवरूनही ती ढेकळांत हरवतात, मग ट्रॅक्टरवाल्याला कशी दिसणार?

अंडी उबण्यास सुमारे चार आठवडे लागतात. मृगापूर्वी नांगरट उरकायची असल्याने तेवढे थांबता येणार नाही. (टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस चांगला, असे गावात म्हणतात, इथे मात्र जागा सपाट आहे.) खुणेसाठी जवळ काठी रोवली होती, परंतु तिच्यावर कावळा येऊन बसू लागल्याने ती काढून टाकली. अंडी हलवायची नाहीत, कारण जोडी ती सोडून देण्याची भीती आहे आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचाही प्रश्न येतो.

घरट्याभोवती किती मीटर जागा न नांगरता सोडल्यास ट्रॅक्टर गेल्यावर जोडी पुन्हा उबवायला बसते, आणि कावळ्यांचे लक्ष न वेधता चालकाला दिसेल अशी कोणती खूण अनुभवाने उपयोगी ठरली आहे?