मदत हवी आहे : फॉस्टर केअरमधील मुलीच्या उपचारांसाठी सही कोणाची?

सांजवेळ
सहा महिन्यांपासून फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे दत्तक न घेता तात्पुरत्या सांभाळासाठी, आमच्याकडे असलेल्या मुलीला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचे आहे, परंतु संमतिपत्रावर माझी सही चालत नाही म्हणून दवाखान्यातून आम्हाला दोनदा परत पाठवण्यात आले. ती रात्र रात्र जागी असते, दार लावून घेऊन तासन्‌तास बसते आणि मी कागदांच्या मागे धावते आहे. सही कोणाची लागते आणि ती लवकर कशी मिळवायची, एवढेच कृपया सांगावे.

शोधयात्री
मुलीचे वय काय आहे, तिचे कायदेशीर पालकत्व कोणाकडे आहे आणि तिला तुमच्याकडे सोपवणाऱ्या आदेशात वैद्यकीय निर्णयांविषयी काही लिहिले आहे का? ज्याच्याकडे रोजचा सांभाळ असतो, त्याच्याकडे उपचारांना संमती देण्याचा अधिकार असतोच असे नाही. दुसरे म्हणजे, स्वतःला इजा करण्याविषयी ती काही बोलली असेल, तर सहीची वाट न पाहता तिला तातडीच्या विभागात न्या.

पिंपळपान
समुपदेशनाच्या आधी मुलाला घर लागते. आमच्याकडे आलेला मुलगा पहिले वर्षभर कोणाशी धड बोलत नव्हता. आम्ही त्याच्या जेवणाची आणि झोपेची वेळ कधी चुकू दिली नाही आणि तो हळूहळू सावरला. रोमानियातील बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या अभ्यासातही, अनाथालयांतील १३६ मुलांपैकी ज्यांना फॉस्टर कुटुंब मिळाले, त्यांची प्रगती अधिक झाली. घाई करू नये, असे मला वाटते.

नदीकाठ
पिंपळपान, त्या अभ्यासाची अर्धीच बाजू आपण मांडलीत. कुटुंबात गेलेल्या मुलांमध्ये साडेचार वर्षांच्या वयाला चिंता आणि नैराश्य कमी आढळले, हे खरे. परंतु वर्तनाच्या समस्यांमध्ये तसा फरक दिसला नाही आणि ती मुले सुरुवातीला अवघी ६ ते ३१ महिन्यांची होती. तोच न्याय मोठ्या मुलीला लावून तिला थांबायला सांगणे मला धोक्याचे वाटते. सांजवेळ, सही मिळेपर्यंत तिच्या झोपेची आणि दिनक्रमाची तारीखवार नोंद ठेवा. मी समुपदेशक आहे; पहिल्या भेटीत अशी वही हाती आली, तर निम्मा वेळ वाचतो.

सांजवेळ
तिचे वय लिहायचे राहिले. ती १४ वर्षांची आहे आणि आमचे हे तिचे तिसरे घर आहे. पालकत्व बालकल्याण यंत्रणेकडे आहे, तिच्या आईचा ठावठिकाणा नाही आणि आदेशात उपचारांचा उल्लेखच नाही. इजेविषयी मी तिला थेट विचारले. तसे काही नाही, असे ती म्हणाली. आधीच्या घरी असताना तिचे समुपदेशन चालू होते, पण घर बदलले तसे तेही थांबले.

उंबरठा
१८ वर्षे पूर्ण झाल्यावर मुलांसाठीच्या मानसोपचार सेवा अनेक ठिकाणी बंद होतात आणि प्रौढांच्या सेवेत नाव लागेपर्यंत मधले महिने रिकामे जातात. त्याची तजवीज आतापासून करावी.

सांजवेळ
ती वेळ यायला अजून चार वर्षे आहेत. मला या आठवड्याचे सांगा.

शोधयात्री
मग सही यंत्रणेच्या अधिकाऱ्याचीच लागणार. मात्र एका भेटीपुरती सही मागू नका. समुपदेशन आणि नेहमीच्या तपासण्या यांची संमती देण्याचा अधिकार तुम्हाला लेखी मिळावा आणि मनोविकारांच्या औषधांचा निर्णय यंत्रणेकडे राहावा, असा अर्ज करा. यंत्रणेने सांभाळायला दिलेल्या मुलाच्या उपचारांचा वेळोवेळी आढावा घेतला जावा, हा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या कलम २५ मध्ये आहे. अर्जात त्याचा आधार जरूर घ्या.

नदीकाठ
त्याच अर्जात जुन्या समुपदेशकांकडील नोंदी मागवा आणि शक्य असल्यास त्यांच्याकडेच, निदान दूरध्वनीवरून, समुपदेशन पुन्हा सुरू करण्याची परवानगी मागा. तीन घरे बदललेल्या मुलीला आपली सगळी कहाणी पुन्हा एका अनोळखी माणसासमोर पहिल्यापासून सांगावी लागणे, हाच एक मोठा आघात असतो. अर्थात, आधी तिला विचारा.

सांजवेळ
आज दुपारी तिला विचारले. बराच वेळ ती गप्प होती, मग म्हणाली, “त्या ताई असतील तर येईन.” अर्ज लिहून झाला आहे, उद्या सकाळी कार्यालय उघडताच देते.