अॅलेगरीला ‘रूपक’ म्हणावे की ‘अन्योक्ती’, आणि ‘सामूहिक उन्माद’ कितपत योग्य?

प्रश्न : ठाण्यात तलावपाळीजवळ आमचा नाट्यवाचनाचा छोटा गट जमतो. तेथे आर्थर मिलर यांच्या ‘द क्रूसिबल’ (१९५३) या नाटकाचे वाचन झाले. त्यावर टिपण लिहिताना ‘हे नाटक म्हणजे सामूहिक उन्मादाचे रूपक आहे’ असे वाक्य लिहिले खरे, परंतु ‘सामूहिक उन्माद’ आणि अॅलेगरीसाठी (वरवर एक गोष्ट सांगून दुसरीच सुचवणारी रचना) वापरलेला ‘रूपक’, हे त्यातले दोन्ही शब्द मला खटकत आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : रूपक अलंकारात उपमेय (ज्याविषयी बोलायचे ते) आणि उपमान (ज्याची उपमा द्यायची ते) दोन्ही वाक्यात हजर असतात. एकनाथांच्या भारुडात ‘कामक्रोध विंचू चावला’ असे म्हटले की विंचू कोण हे तिथल्या तिथे उघड होते. मिलर यांच्या नाटकात मात्र १६९२ सालचे अमेरिकेतील सेलम गाव, चेटकाचे आरोप आणि फाशीचा दोर एवढेच आहे. ज्यांना उद्देशून ते लिहिले त्या सिनेटर मॅकार्थींचे किंवा १९५०च्या सुमारास अमेरिकेत चाललेल्या कम्युनिस्टांच्या धरपकडीचे नाव एकाही पात्राच्या तोंडी नाही. अप्रस्तुताविषयी (भलत्याच गोष्टीविषयी) बोलून प्रस्तुत (मनातली खरी गोष्ट) सुचवायचे, ही आपल्याकडची अन्योक्तीच होय. घरगुती भाषेत ‘लेकी बोले सुने लागे’. शिवाय संस्कृत नाट्यशास्त्रात ‘रूपक’ म्हणजे नाटकच, त्यामुळे ‘नाटकातले रूपक’ म्हटले की घोटाळा वाढतो.

‘उन्माद’ या शब्दाला माज आणि धुंदी यांची छटा आहे (उन्मत्त हा त्याचाच सख्खा भाऊ), तर सेलममधील माणसे मुळात भ्यालेली आहेत. पहिल्या अंकाच्या शेवटी एक मुलगी नाव घेते, लगेच दुसरी घेते, आणि आपल्यावर संशय येऊ नये म्हणून प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवू लागतो. याला मी ‘भीतीची साथ’ म्हणेन.

उत्तर २ : ‘अन्योक्ती’ मान्य, ‘साथ’ अर्धवट मान्य. साथ आपोआप येते, तिला कोणी जबाबदार नसतो. नाटकात मात्र जाइल्स कोरी हा म्हातारा शेतकरी भर कोर्टात आरोप करतो की पटनम या गावातल्या धनाढ्य जमीनदाराने शेजाऱ्याची जमीन मिळवण्यासाठी आपल्या मुलीकडून त्याचे नाव घेवविले, कारण चेटक्या ठरलेल्याची जमीन जप्त होते आणि ती विकत घेण्याइतका पैसा पटनमपाशीच आहे. या उद्योगाला आपल्याकडे नेमका शब्द आहे : बागुलबुवा उभा करणे. हे सांगणाऱ्या साक्षीदाराचे नाव कोरी देत नाही, आणि १९५६ साली कम्युनिस्टांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी संसदीय समितीपुढे खुद्द मिलर यांनीही इतरांची नावे सांगण्यास नकार दिला, हे जाता जाता.

प्रश्नकर्ता : दोघांचेही आभार. वाक्य आता असे केले आहे : ‘गावात भीतीची साथ पसरते, पटनमसारखे लोक तिच्या आडून बागुलबुवा उभा करतात, आणि ही सारी अन्योक्ती मिलर यांनी स्वतःच्या काळाला उद्देशून रचली.’ ‘उन्माद’ खोडला आहे.