मदत हवी आहे : टिनाच्या खोलीत चित्रकामाची जागा कशी करावी?

सर्वांना नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहून मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढतो. घरामागे टिनपत्र्यांची एक खोली आहे, जिच्यात दिवाळीनंतर कापूस भरला जातो. तीच आता कामासाठी मोकळी करून घेत आहे. ओट्यावर बसूनही चित्रे काढता येतात असे घरच्यांचे मत आहे, परंतु तेथे येणारा प्रत्येक जण चहा होईस्तोवर कापसाच्या भावावर बोलत बसतो.

खोलीला पश्चिमेकडे एकच खिडकी असल्याने दुपारी ऊन थेट कागदावर पडते आणि पिवळा कोणता व नारिंगी कोणता हेच कळेनासे होते. त्यामुळे उत्तरेच्या भिंतीत खिडकी काढण्याचे ठरवले आहे. उन्हाळ्यातील सकाळ-संध्याकाळ सोडल्यास त्या बाजूने थेट ऊन येत नाही व उजेड बराचसा एकसारखा राहतो.

खरी अडचण उष्णतेची आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. कूलर लावावा, तर त्याच्या घरघरीत मन लागत नाही आणि दमट हवेने कागद फुगून जलरंग वाळत नाहीत. न लावावा, तर घाम चित्रावर टपकतो. पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा थर देणे पुरेसे होईल, की खालून बांबूचे तट्टे बसवून मध्ये हवा खेळती ठेवावी? तट्ट्यांत उंदीर घर करतील का? ज्यांनी आपल्या भागात असे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी अंदाजे खर्चासह कृपया कळवावे.