साठ दिवस आधी जेवण, तीन दिवस आधी रांग

रविवार, १७ ऑगस्ट २०२५ (सगळ्या वेळा भारतातल्या)

ताई (एडिसन, अमेरिका), रात्री ८:४०
फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डच्या सहलीच्या यादीत अजून फक्त माझी आणि ह्यांची उत्तरं दिसतायत. २६ ते २९ ऑक्टोबर असे चार दिवस आहेत. कुठल्या दिवशी कुठलं पार्क, दुपारी टेबलावर बसून जेवायचं की हातात घेऊन खायचं, मुलांना राजकन्यांबरोबरचं जेवण हवंय का, एवढंच विचारलंय. जेवणाचं बुकिंग २७ ऑगस्टला उघडतंय. दादा, पाच दिवस झाले, तुझं काहीच उत्तर नाही.

दादा (ठाणे), ८:५२
ताई, सॉरी गं. कामं होतीच, पण खरं सांगतो, यादी दोनदा उघडली आणि बंद केली. २८ ऑक्टोबरला मंगळवारी दुपारी एक वाजता छोटीला काय खावंसं वाटेल हे मी आज कसं भरू?

वहिनी (ठाणे), ८:५५
आणि मोठ्याचं तिकीट लहान मुलाचं धरलंय का? सप्टेंबरात तो दहाचा होतोय.

ताई, ८:५८
दहा पूर्ण म्हणजे तिथे मोठ्यांचं तिकीट. तीन ते नऊ हेच लहान. ते धरलंय मी.

आत्या (डोंबिवली), ९:०५
मला एक समजत नाही. सहलीला जायचंय ना? मग एवढं आधी कशाला ठरवायचं? अण्णा, आठवतंय का, मुलं लहान असताना आपण एस्सेलवर्ल्डला गेलो होतो? शनिवारी रात्री जेवताना ठरलं. सकाळी मी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी केली, लोकलने बोरिवली, गोराईच्या जेट्टीवरून लाँच. तिकीट तिथल्या खिडकीवर. ऊन लागलं की झाडाखाली बसलो, मुलांना हवं त्या पाळण्यात मुलं बसली. संध्याकाळच्या लाँचने परत.

मी (पुणे), ९:०९
मला त्या लाँचचा डिझेलचा वास अजून आठवतो.

दादा, ९:१२
गेल्या वर्षी खोपोलीला इमॅजिकाला गेलो तेव्हाही आदल्या रात्री फोनवर तिकीट काढलं होतं. सकाळी पाऊस असता तर गेलोच नसतो.

ताई, ९:३१
आत्या, मलाही तसंच जायचंय गं. पण इथे ते होत नाही, आणि का होत नाही ते आज नीट सांगते. नाहीतर तुम्हाला सगळ्यांना वाटेल की हिलाच सगळं आखून ठेवायची हौस आहे.

वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये चार मोठी पार्क आहेत. मॅजिक किंगडम १९७१ चं, एपकॉट १९८२ चं, हॉलिवूड स्टुडिओज १९८९ चं, अ‍ॅनिमल किंगडम १९९८ चं. एका दिवसात एकच धड बघून होतं. तिकीट तारखेप्रमाणे, म्हणजे तारीख बदलली की किंमत बदलते. त्यात ऑक्टोबरात काही संध्याकाळी मॅजिक किंगडममध्ये हॅलोविनची वेगळ्या तिकिटाची पार्टी असते, त्या दिवशी साध्या तिकीटवाल्यांना सहा वाजता बाहेर पडावं लागतं. म्हणून आधी कॅलेंडर बघून पार्कचा दिवस ठरवायचा. टेबलावर बसून जेवायचं तर ६० दिवस आधी सकाळी सहाला फोन घेऊन बसायचं. आपण त्यांच्या हॉटेलात राहत नाही, जवळच्या किसिमी गावात स्वयंपाकघर असलेलं घर घेतलंय, त्यामुळे आपल्याला एका वेळी एकाच दिवसाचं मिळतं. चार दिवसांसाठी चार पहाटे उठायचं. मग कमी रांगेचा पास, त्याला लायटनिंग लेन म्हणतात. त्यांच्या हॉटेलात राहणाऱ्यांना तो सात दिवस आधी, आपल्याला तीन दिवस आधी, सकाळी सातला. तीन राइड निवडायच्या आणि प्रत्येकीला एक तासाची वेळ मिळते. मॅजिक किंगडममध्ये त्या तीनही मनासारख्या नाही घेता येत, ज्यांना जास्त मागणी त्यातली एकच.

आता तारखा बघा. २६ ऑक्टोबरच्या जेवणासाठी साठ दिवस मागे मोजले की येते २७ ऑगस्ट. गणेश चतुर्थी. आम्ही तुमच्याच दिवशी गणपती बसवतो. २६ च्या पाससाठी तीन दिवस मागे गेलं की २३ ऑक्टोबर. भाऊबीज. सहा वर्षांनी दादा माझ्याकडे भाऊबीजेला असेल आणि सकाळी सातला मी फोनमध्ये डोकं घालून बसलेली असेन.

मला ह्याचं वाईट वाटतं. मी सहलीची मॅनेजर म्हणून नाही येत आहे. मला माझ्या भावाच्या शेजारी बसायचंय.

वहिनी, ९:३६
ताई, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत? आम्हाला वाटलं तुम्हाला आवडतं हे सगळं.

भाओजी (एडिसन), ९:५०
मी थोडं सांगतो, कारण हिच्याबरोबर मीही रात्री बसलोय. हे नेहमी असं नव्हतं. आम्ही लेकीला घेऊन पहिल्यांदा गेलो तेव्हा १९९९ पासूनची कागदी पद्धत होती. राइडपाशी मशीन, त्यात तिकीट घातलं की चिठ्ठी यायची, अमुक ते अमुक वेळेत परत या. तेवढ्यात आईस्क्रीम खाऊन यायचं. सगळं त्याच दिवशी. मग ते फोनवर गेलं आणि ३० दिवस, हॉटेलवाल्यांना ६० दिवस आधी ठरवायचं झालं. जेवण तर तेव्हा १८० दिवस आधी. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते सगळं जाऊन पैसे देऊन घ्यायचा पास आला, पण तो त्याच दिवशी सकाळी घ्यायचा. जुलै २०२४ पासून पैसेही द्यायचे आणि आधीही ठरवायचं, असं झालं.

कारण समजतं मला. पीटर पॅनची राइड १९७१ ची आहे. छताला टांगलेल्या छोट्या होड्या, एकेका होडीत मोजकी माणसं. त्या होड्या वाढवता येत नाहीत आणि बसायला अख्खं जग येतं. वाटून द्यायला काहीतरी पद्धत लागणारच. पण आधी बुक केल्याने होडीत एकही जागा वाढत नाही. पूर्वी रांग पायांना लागायची, आता ती दोन महिने आधी घरात येऊन बसते. ज्याला तिथले नियम पाठ आहेत, ज्याचं इंटरनेट चांगलं आहे, त्याला ती कमी लागते. ठाण्याहून पहिल्यांदा येणाऱ्याला कसं कळणार हे?

मी, ९:५४
आणि वादळाचं काय? तिकडे ऑक्टोबरात येतात ना?

भाओजी, ९:५७
नोव्हेंबरअखेरपर्यंत हंगाम असतो. गेल्या ऑक्टोबरात मिल्टन आलं तेव्हा पार्क बंद ठेवली होती. त्यावर काही इलाज नाही.

आत्या, १०:०४
अण्णांच्या गुडघ्याचं कोणी बोललं नाही. चाकाची खुर्ची घ्या सरळ. रांगही लागणार नाही.

ताई, १०:०८
आत्या, खुर्ची घेऊच. पण तिथे बहुतेक रांगा खुर्ची जाईल अशा रुंद केलेल्या आहेत, त्यामुळे खुर्चीवाल्यालाही त्याच रांगेतून जायचं असतं. चालणं वाचतं, रांग नाही वाचत.

बाबा (सध्या एडिसन), १०:१५
माझी काळजी करू नका. मी चालेन. तुम्ही ठरवाल तसं.

ताई, १०:२९
बाबा, तुम्ही आत्ता बाहेरच्या खोलीत बसून हे लिहिलंत आणि मी आत बसून वाचलं. तरी इथेच लिहिते, कारण दादालाही कळायला हवं.

२०१८ च्या एप्रिलमध्ये आपण पाच जण गेलो होतो. मी दोन महिने आधी सगळं बुक केलं होतं, अगदी मिनिटांवर. दुसऱ्या दिवशी दुपारपासून बाबा गप्प होते. मला वाटलं ऊन लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने त्यांची पँट वर करून दाखवली तेव्हा गुडघा नारळाएवढा सुजलेला होता. आदल्या दिवशी दुपारीच दुखायला लागलं होतं. का बोलला नाहीत विचारलं तर म्हणाले, "तू एवढं आधीपासून ठरवलं होतंस, पैसे भरले होते, मोडायचं कसं?"

त्या दिवशी चूक कोणाचीच नव्हती. पण मी हॉटेलच्या बाथरूममध्ये जाऊन रडले होते. माझ्या कागदावरच्या वेळा पाळायला माझे वडील सुजलेल्या गुडघ्याने चार तास चालले. मला ह्या वेळी ते नकोय. म्हणून ती यादी भरताना माझाही हात थांबतो. मी दुपारी १२:४० लिहिते आणि मनात येतं, तेव्हा बाबांना बसावंसं वाटलं तर?

आई (सध्या एडिसन), १०:३३
ते अजून सांगत नाहीत. आजही जिना उतरताना कठडा धरतात.

बाबा, १०:३७
बरं. ह्या वेळी सांगेन.

दादा, १०:४४
ताई, मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. बाबा मला फोनवर म्हणाले होते, फार मजा आली.

बाबा, १०:४६
आली होतीच. सिंह बघितला.

सोमवार, १८ ऑगस्ट

दादा, सकाळी ७:२०
रात्री आम्ही दोघं बसलो होतो. माझं म्हणणं असं. चार जेवणांपैकी फक्त एक बुक कर, बाकी तीन सोडून दे. बाहेरचं खाणं आत नेऊ देतात ना?

ताई, ७:३१
नेऊ देतात. काचेची बाटली आणि दारू नको, एवढंच. पोळीभाजी, थेपले, चिवडा सगळं चालतं.

दादा, ७:३४
मग झालं की. दिवाळीचा फराळ असणारच आहे. चकली-शंकरपाळ्यांचे दोन डबे आम्ही बॅगेत आणतो.

वहिनी, ७:४०
राजकन्यांचं जेवण नको. छोटीला विचारलं. तिला फक्त तो किल्ला बघायचाय आणि हत्ती. हत्ती तिकडे आहेत का?

ताई, ७:४३
अ‍ॅनिमल किंगडमला आहेत, उघड्या ट्रकमधून सफारी असते. सकाळी लवकर गेलं की जनावरं हिंडताना दिसतात. मग पहिल्या दिवशी, २६ ला, तेच पार्क ठेवूया. सफारीच्या ट्रकमध्ये बाबांनाही बसता येतं.

मोठ्याला अवतारवाली उडायची राइड हवी असेल ना? तिला ४४ इंच उंची लागते. छोटीची मोजून ठेवा. कमी भरली तरी हरकत नाही. एक जण तिच्याबरोबर थांबतो आणि नंतर त्याला पुन्हा रांग न लावता सोडतात.

वहिनी, ७:५५
४५ भरली. टाचा उचलत होती, त्या खाली ठेवायला लावून मोजली.

ताई, ८:०२
आणि जेवणासाठी मला 'सना' हवंय. अ‍ॅनिमल किंगडमजवळच्या हॉटेलात आहे, तिथे राहत नसलो तरी बुकिंग करून जाता येतं. नान आणि तसल्या पाच प्रकारच्या ब्रेडबरोबर नऊ चटण्या-लोणची देतात. खिडकीबाहेर माळ आहे, त्यावर जिराफ आणि झेब्रे चरत असतात. आई-बाबांना शाकाहारी गरम काहीतरी मिळेल आणि तासभर गार हवेत बसता येईल. हे एक जेवण मला मनापासून हवंय. बाकीच्यांवर पाणी सोडलं.

दादा, ८:०५
ठरलं. आणि २८ तारीख पूर्ण कोरी ठेव. त्या दिवसाचं तिकीटच काढू नको. किसिमीच्या घरी तलाव आहे म्हणालीस ना, मुलं डुंबतील. बाबा झोपतील. आपण दोघं चहा पिऊ.

ताई, ८:०९
तीन दिवसांचीच तिकिटं काढू? हॉलिवूड स्टुडिओज राहील मग.

दादा, ८:१०
राहू दे.

ताई, ८:२६
पाच मिनिटं त्या "राहू दे"कडे बघत होते. ठीक आहे. राहू दे.

आत्या, ८:४०
आता कशी सहल वाटायला लागली.

मी, ८:४८
ताई, भाऊबीजेच्या सकाळचा पास मी पुण्यातून घेतला तर? तुमच्या सकाळी सातला इथे दुपारचे साडेचार. माझी बैठक संपलेली असते. तुझं लॉगिन दे आणि कुठल्या तीन राइड ते सांग. तू दादाला ओवाळ.

ताई, ८:५१
घेशील? खरंच?

मी, ८:५२
मला येता येत नाहीये, एवढं तर करते.

भाओजी, ९:०३
आदल्या आठवड्यात एकदा माझ्याबरोबर ते अ‍ॅप उघडून बघ. कुठे दाबायचं ते दाखवतो. सातला मिनिटभर उशीर झाला तरी वेळा दुपारच्या होतात.

बुधवार, २७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

आत्या, दुपारी १:१५
गणपती बाप्पा मोरया! आमची आरती झाली. फोटो पाठवते.

आई, २:५०
मोरया. इथे अजून अंधार आहे. ही उठलीय, केस पुसत फोन घेऊन बसलीय. मी तिला म्हटलं, मोदकाची उकड मी काढते, तू ते बघ.

दादा, ३:२८
ताई, ऑल द बेस्ट. आम्ही सगळे इथे बसलोय.

ताई, ३:४१
आठ जणांचं एकत्र टेबल दिसतच नाहीये. सहालाच उघडलं होतं मी, पहिल्यापासून नाही.

ताई, ३:४४
चार-चार केलं. दोन टेबलं मिळाली. १२:१० आणि १२:२५. वेगवेगळी बसतील, शेजारी देतील का ते तिथे गेल्यावर विचारायचं.

दादा, ३:४५
मिळालं ना! बास.

वहिनी, ३:४६
मुलं नाचतायत इथे. जिराफाजवळचं टेबल कुठलं ते विचारतायत.

बाबा, ३:५२
एका टेबलावर मी, तुझी आई आणि नातवंडं बसतो. जावईबापू आणि सूनबाई दुसऱ्या टेबलावर, तुम्हा दोघांबरोबर. तुम्ही भावंडं सावकाश जेवा. मुलांकडे मी बघतो.

ताई, ३:५८
बाबा, आणि गुडघा दुखला तर?

बाबा, ३:५९
सांगेन म्हटलं ना. चल, उकड गार होतेय, आई हाक मारतेय.