‘सेटिंग’ बघायची, तपासायची की पडताळायची?

जळगावकर : आमच्याकडे चोपड्याहून एक मुलगा काम शिकायला आलाय. परवा भर दुपारी त्यानं मोठ्यानं विचारलं, “दादा, इथली सेटिंग कुठं बघायची?” शेजारचे हिशोबनीस गालात हसले. त्यांच्या लेखी सेटिंग म्हणजे कुणाशी तरी आतून लावलेली! पोरगा बिचारा गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) कॉन्फिगबद्दल, म्हणजे ते कसं चालावं हे ठरवणाऱ्या नोंदींबद्दल, विचारत होता. तेव्हापासून डोक्यात आहे, कॉन्फिगरेशनला मराठीत बोलताना काय म्हणावं? आणि ते ‘चेक करणं’ म्हणजे नेमकं कोणतं क्रियापद?

धुळेकर : शाळेत इलेक्ट्रॉनांचं ‘संरूपण’ शिकलो तेच हे. पण “संरूपण बघ रे” असं मी तरी कुणाला म्हणणार नाही. ‘विन्यास’ म्हटलं की केशविन्यास आठवतो. कॉन्फिग म्हणा आणि मोकळे व्हा.

यावलची ताई : नामाचं जाऊ द्या, घोटाळा विशेषणात आहे. गिटमध्ये कॉन्फिगच्या फाइली मुख्यतः तीन पातळ्यांवर असतात : सिस्टम, ग्लोबल, लोकल. ‘ग्लोबल’चं ‘जागतिक’ केलेलं मी एका टिपणात वाचलं आणि कपाळावर हात मारला. ग्लोबल म्हणजे त्या मशीनवरच्या एकाच वापरणाऱ्याची, त्याच्या होम फोल्डरातली फाइल. अख्ख्या मशीनला लागू ती सिस्टम. म्हणजे इथं ग्लोबल ही सिस्टमपेक्षा लहान! मी शिकवताना ‘मशीनची, माझी, प्रकल्पाची’ एवढंच म्हणते. तिघींत एकच गोष्ट वेगवेगळी लिहिलेली असेल तर प्रकल्पाची चालते. भरितात शेंगदाणे किती, याची गावाची एक रीत असते, घराची दुसरी. पण शेवटी चुलीपाशी बसलेलीच ठरवते ना.

जळगावकर : ताई, या चुलीपाशीच माझा हात पोळलाय. एक प्रकल्प मी क्लोन न करता (म्हणजे गिटकरवी त्याची प्रत न घेता) जुन्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपवरून पेनड्राइव्हवर अख्खा फोल्डर उचलून आणला. क्लोन केला असता तर त्याची कॉन्फिग आली नसती. फोल्डर उचलला म्हणून आतलं ‘.गिट’ फोल्डर आलं, त्यातली कॉन्फिग आली आणि तिच्यातलं त्याचं नावही. सगळ्या कॉन्फिगची यादी देणारी ‘गिट कॉन्फिग --लिस्ट’ ही आज्ञा मी चालवून बघितली होती बरं का. वरच माझं नाव दिसलं, निर्धास्त झालो. तेच ‘युजर.नेम’ (कामाच्या नोंदीवर लागणारं नाव) खाली पुन्हा एकदा, त्याच्या नावानिशी होतं. शेवटचं ते खरं धरलं जातं. तीन दिवस माझं काम त्याच्या नावावर जमा होत राहिलं.

निवृत्त मास्तर, अमळनेर : तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच दिलंत, भाऊ. तुम्ही ‘बघितलं’. बघण्यात डोळा पुढं असतो, मन मागं. ‘तपासणं’ म्हणजे ठरलेल्या मापाला लावून चूक काढणं, आम्ही वह्या तपासायचो तसं. ‘पडताळणं’ त्याहून वेगळं : एका नोंदीला दुसरी नोंद साक्षीला उभी करायची. बेरीज वरून खाली झाली की खालून वर करून ताळा पाहायचा, ही आमची सवय. ताळा, ताळेबंद, ताळमेळ, पडताळा. कानाला तरी ही सगळी एकाच घरातली वाटतात. गिटातलं मला काही कळत नाही, पण तिथं ओळीसोबत तिचा उगमही दिसायची सोय आहे का? असेल तर तो पडताळा.

यावलची ताई : आहे ना, गुरुजी. ‘गिट कॉन्फिग --लिस्ट --शो-ओरिजिन’. (टंकायचं अर्थात रोमनमध्येच.) प्रत्येक ओळीआधी ती कोणत्या फाइलीतून आली ते येतं. २.२६ पासून ‘--शो-स्कोप’ही आहे, ते पातळीचं नाव सांगतं. एकच गोष्ट हवी तर ‘गिट कॉन्फिग युजर.नेम’; ते फक्त जिंकलेलं उत्तर देतं. पण प्रकल्पाच्या फोल्डरात उभं राहूनच विचारा. बाहेरून विचारलंत तर प्रकल्पाची फाइल त्यात येणारच नाही.

धुळेकर : म्हणजे आमची आजी कुठल्याही कागदावर बोट ठेवून विचारायची तेच, “हाई कोठे लिखेल शे?” तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण कागद कुणाचा हे आधी हवं असायचं. आपलं मत बदललं. नाम कॉन्फिगच ठेवू, क्रियापद मात्र पडताळणं.

जळगावकर : मान्य. प्रकल्पाच्या फाइलीतली ती ओळ काढली, आता माझं नाव लागतंय. मागच्या नोंदींवर मात्र त्याचंच राहिलंय. फाइल सुधारली म्हणून झालेल्या नोंदी बदलत नाहीत. चोपड्याच्या पोराला काल म्हटलं, “कॉन्फिग पडताळून घे.” तो म्हणाला, “दादा, म्हणजे चेकच ना?”