सफायर-रूबीवेल: चाळणी पालथी केली तरी जड खडे मधोमध जमत नाहीत

मुरूम: ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या सफायर आणि रूबीवेल भागात हाताने नीलम शोधतोय. चाळणी धुवून गोणपाटावर पालथी केली की जड खडे मधोमध दिसायला हवेत. इथे ते सगळीकडे पसरतात. कुठे चुकतंय?

कुदळ_फावडे: चाळणी बहुधा पाण्यात नुसती गरगर फिरवताय. तसं करू नका. पाण्याखाली आडवी धरून वर-खाली छोटे, झटपट हिसके द्या. चाळणी खाली जाते तेव्हा पाणी जाळीतून वर उसळतं, गारगोटी (घनता २.६५) उचलली जाते आणि नीलम (४.०) तळाशी बसतो. मध्ये मध्ये कडा आळीपाळीने किंचित झुकवत चाळणी थोडी थोडी वळवा, म्हणजे जड माल मध्याकडे सरकतो. चाळणी अर्ध्याहून जास्त भरली तर थर हलतच नाही. एकावर एक ठेवलेल्या दोन चाळण्यांपैकी वरची जाळी १०-१२ मिमीची, खालची ३ मिमीची. वरच्या जाळीतला माल फेकण्याआधी नीट बघा, मोठा खडा तिथेच अडकलेला असतो.

गारगोटी: चिकणमाती सुटली नसेल तर हे सगळं व्यर्थ. माती लपेटलेला नीलम हलक्या गोळ्यासारखा वागतो आणि वरच राहतो. माल आधी कोरडा चाळा, ढेकळं रात्रभर भिजत घाला. पालथी करण्याआधी पाणी पूर्ण निथळू द्या, मग एका झटक्यात उलटा. पाणी राहिलं तर ढीग तिथेच फिसकटतो. चाळणी बरोबर चालतेय का हे पाहायला जुन्या धुलाईतले दहा काळे स्पिनेल (नीलमासोबत सापडणारे जड काळे खडे) मोजून टाका. दहाही मधोमध आले पाहिजेत.

कुदळ_फावडे: ही चाचणी उत्तम. दहाही मध्ये आले आणि तरी नीलम नाही, तर दोष जागेचा. गोलसर मोठे धोंडे असलेला गारगोट्यांचा थर शोधा आणि त्याचा अगदी तळ खरवडून घ्या, जड खडे तिथेच साचतात. मधला ढीग ओला असतानाच उन्हाकडे तोंड करून बघा. काळा वाटणारा प्रत्येक खडा उजेडासमोर धरा: कडेला निळी-हिरवी झाक दिसली तर नीलम, काहीच आरपार दिसलं नाही तर बहुतेक स्पिनेल. नारिंगी-तपकिरी चमकदार खडे झिरकॉनचे (हेही एक रत्न), तेही ठेवा.

निळाई_४७: फॉसिकिंगचा (हौसेने रत्नं शोधण्याचा) परवाना आधी काढा. फक्त हातहत्यारं चालतात, भुयार खणायचं नाही आणि दुसऱ्याच्या क्लेमच्या (खाणकामासाठी नोंदवलेल्या जागेच्या) खुंट्यांच्या आत पाऊल टाकायचं नाही. निघताना खड्डे बुजवा, गवतात ते दिसत नाहीत आणि गुरं पडतात.